भाजीच्या टेम्पोचालकाचे जुने दुखणे : प्रोस्टेटदाहाचे एक प्रकरण

रुग्णाचे वय ३७ वर्षे. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले, घरात मराठी बोलणारे, घरची थोडी शेती आणि स्वतःचा एक टेम्पो. बेळगावच्या बाजारातून कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची आणि हंगामात रताळी भरून रात्री दोनच्या सुमारास निघायचे, जांबोटी आणि कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा, साखळीमार्गे पहाटे म्हापशाला माल पोहोचवायचा आणि दुपारपर्यंत घरी परतायचे, असा त्यांचा बारा वर्षांचा क्रम. मी बेळगावात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. हे प्रकरण रुग्णाच्या संमतीने लिहीत आहे आणि त्यांची ओळख पटू नये इतपत काही बारीक तपशील बदलले आहेत. दुखण्याचा क्रम आणि उपचारांतील चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत. त्यांतली पहिली चूक माझी आहे.

आषाढातल्या एका गर्दीच्या संध्याकाळी ते प्रथम आले. "उन्हाळी लागली आहे," एवढेच त्यांनी सांगितले. विचारल्यावर कळले की आदल्या रात्री हुडहुडी भरून ताप आला होता, लघवीला सारखे जावे लागत होते आणि बसल्यावर खाली जड वाटत होते. मी पोट दाबून पाहिले, पाच दिवसांच्या ऑफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणि लघवीची जळजळ कमी करणारे औषध लिहून दिले, भरपूर पाणी प्यायला सांगितले. लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवली नाही. गुदमार्गे बोटाने तपासणी केली नाही. बाहेर बाकावर माणसे दाटीने बसली होती, हे कारण तेव्हा मला पुरेसे वाटले होते.

स्त्रियांमधली साधी उन्हाळी बहुतेक वेळा मूत्राशयापुरती असते आणि तीन ते पाच दिवसांच्या औषधाने बरी होते. पुरुषाला लघवीच्या जळजळीबरोबर थंडीताप आला आणि बसायच्या जागी जडपणा असला, तर प्रोस्टेट ग्रंथीला सूज आली आहे असेच आधी धरून चालावे लागते. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून असते आणि तरुण पुरुषात तिचे वजन साधारण वीस ग्रॅम असते. तीव्र जंतुजन्य दाहात बहुधा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू लघवीच्या वाटेने तिथे पोहोचलेला असतो. अशा वेळी औषध सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर घेणे आणि त्यानुसार दोन ते चार आठवडे औषध देणे हा रीतसर उपचार आहे. तपासणारे बोट अगदी हलके ठेवावे लागते, कारण सुजलेली ग्रंथी चोळली तर जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो. लघवी तुंबली, ताप दोन दिवसांत उतरला नाही किंवा रुग्ण मधुमेही असला तर त्याला दवाखान्यात ठेवून ग्रंथीत पू तर झाला नाही ना, हे पाहावे लागते. कर्नाटकाच्या किनारी भागात भातशेतीच्या चिखलापाण्यात राबणाऱ्या मधुमेही माणसांत मेलिऑइडोसिस या जमिनीतल्या जंतूच्या आजाराने प्रोस्टेटमध्ये गळू झालेले आढळते. खानापूरकडच्या भातपट्ट्यातला मधुमेही शेतकरी असा ताप घेऊन आला तर ही शक्यता मी आता मनात ठेवतो.

आमच्या रुग्णाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, जळजळही कमी झाली. पाच दिवसांनी ते परत दाखवायला आले नाहीत आणि मीही त्यांना निक्षून बोलावले नव्हते.

ते आले आठ महिन्यांनी, मार्चमध्ये, दुकानातली कापडी पिशवी भरून कागद घेऊन. लंगडत आत आले आणि खुर्चीत टेकताना एका मांडीवर भार देऊन तिरके बसले. "बसाला येत नाही ओ डॉक्टर, खाली काटा रुतल्यासारखं दुखालंय," असे म्हणून त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. त्यात बेळगावातल्या दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, सीमेपलीकडच्या चंदगड भागातल्या एकाची होती, गोव्यातल्या एका दवाखान्याची होती. काही शिक्के कानडी, काही मराठी, मजकूर सगळा इंग्रजी. प्रत्येक ठिकाणी त्यांनी नव्याने सुरुवात केली होती आणि आधीचे कागद कोणी मागितले नव्हते. मी ते तारखेप्रमाणे लावले. माझ्या औषधासह अँटिबायोटिकचे पाच कोर्स भरले: ऑफ्लॉक्सासिन पाच दिवस, मग पाच दिवसांची इंजेक्शने, मग लिव्होफ्लॉक्सासिन चौदा दिवस, मग डॉक्सिसायक्लिन चौदा दिवस, आणि शेवटी पुन्हा लिव्होफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम रोज, अठ्ठावीस दिवस. लघवीची साधी तपासणी तीनदा झाली होती, सोनोग्राफी दोनदा, पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी एकदा. कल्चर एकदाही नव्हते.

चौथ्या चिठ्ठीवर डॉक्सिसायक्लिन का दिले याचे कारण लिहिलेले नव्हते, पण रुग्णाला ते तोंडी सांगितले गेले होते: बाहेरच्या संबंधातून असे होते. आमच्या भागात यालाच 'गरमी' म्हणतात. या माणसाने बाहेर कुठे पाऊल टाकलेले नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी पत्नीला दुखण्याबद्दल सांगणे बंद केले आणि वेगळे झोपायला लागले. वीर्य बाहेर पडताना व त्यानंतर दोन दिवस दुखते, हेही त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. गावातल्या एका मित्राने धात जात असेल म्हणून काढे दिले, ते तीन महिने घेऊन झाले होते.

पीएसएची गोष्ट वेगळी आणि तितकीच दुखरी. पहिल्या तापानंतर दोन आठवड्यांतच एका तपासणी पॅकेजमध्ये पीएसए मोजले गेले, ते ६.२ आले. नेहमीची मर्यादा ४ धरली जाते, म्हणून अहवालात तो आकडा ठळक छापला होता. कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारला की त्यांनी स्वतःच फोनवर वाचला, हे त्यांना आता आठवत नाही. पीएसए प्रोस्टेटमध्ये तयार होते आणि दाह झाला की रक्तात झिरपते. जंतुदाहानंतर ते पूर्वपदावर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात ते मोजूच नये, आणि ३७ व्या वर्षी तशा कारणाशिवाय मुळात मोजायची गरजही नसते. हे त्यांना आठ महिन्यांत कोणी सांगितले नव्हते. घाटातल्या वळणांवर रोज तो आकडा त्यांच्या डोक्यात असे.

लंगडण्याचे कारण विचारले. उजव्या टाचेच्या वर, मोठ्या शिरेत, म्हणजे टाचेच्या स्नायूबंधात दुखते. गाडीचा रेस दाबला की कळ येते. कधीपासून? शेवटच्या गोळ्यांच्या तिसऱ्या आठवड्यापासून. बोटांत धरल्यावर ती शीर जाड आणि कोमट लागली. लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीतली, म्हणजे क्विनोलोन, औषधे स्नायूबंधांना इजा करू शकतात, विशेषतः टाचेच्या शिरेला. २००८ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांच्या माहितीपत्रकावर त्याचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ज्या गोळ्या त्यांनी बरे होण्यासाठी घेतल्या, त्यांनी दुसरे दुखणे दिले होते. याच औषधांचा आणखी एक तोटा आपल्या देशात विसरून चालत नाही: ती क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतात, त्यामुळे मूत्रमार्गाचा क्षय असेल तर त्याचे निदान लांबते.

मग मी ते केले जे आषाढात करायला हवे होते. आधी नुसते ऐकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या आजारासाठी नऊ प्रश्नांची जी पद्धत ठरवली आहे, ती मी तोंडी मराठीत विचारली. तिच्यात वेदनेला २१, लघवीच्या त्रासाला १० आणि जगण्यावरच्या परिणामाला १२ असे ४३ गुण असतात. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. वेदनेची जागा विचारताना डॉक्टरी शब्द कामाचे नसतात. "सायकलच्या सीटावर जो भाग टेकतो, तिथे?" असे विचारल्यावर ते लगेच हो म्हणाले. त्यांचे गुण आले १५, ५ आणि ९, म्हणजे एकूण २९. लघवीपेक्षा वेदना आणि काळजी यांचे ओझे मोठे आहे, हे त्या तीन आकड्यांतच दिसत होते.

बोटाने तपासताना प्रोस्टेट मऊसर, नेहमीच्या आकाराची, दाबल्यावर किंचित दुखणारी लागली. ते शांत पडून होते. बोट बाजूला वळवून डावीकडच्या स्नायूवर टेकवले, तेव्हा त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि म्हणाले, "हेच. हेच ओ डॉक्टर, हेच दुखणं." तो स्नायू ताणलेल्या दोरीसारखा लागत होता. आठ महिन्यांत औषधांचे पाच कोर्स ज्या ग्रंथीसाठी दिले गेले, तिच्या दोन बोटे बाजूला दुखणे बसले होते.

लघवीचे दोन नमुने घेतले, एक ग्रंथी चोळण्यापूर्वीचा आणि एक नंतरचा. १९६८ साली मिअर्स आणि स्टेमी यांनी चार नमुन्यांची पद्धत सांगितली. ती अचूक आहे, पण रोजच्या व्यवसायात दोन नमुन्यांनी काम भागते. शेवटची अँटिबायोटिक थांबून तीन आठवडे झाले होते, त्यामुळे कल्चरवर विश्वास ठेवता येत होता. दोन्ही नमुन्यांत जंतू उगवले नाहीत आणि चोळल्यानंतरच्या नमुन्यातही पांढऱ्या पेशी मोजक्याच होत्या. क्षयासाठी सलग तीन सकाळची लघवी तपासली, लैंगिक आजारांच्या तपासण्या केल्या, सर्व निरंक. लघवी करून झाल्यावर मूत्राशयात २५ मिलिलिटर उरत होती, म्हणजे चिंतेचे काही नव्हते. साखर ठीक होती. पीएसए पुन्हा मोजले, ०.९ आले. तो कागद मी त्यांच्या हातात दिला आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचून दाखवले.

१९९५ साली अमेरिकेत ठरलेल्या वर्गवारीनुसार प्रोस्टेटदाहाचे चार प्रकार मानतात. पहिला तीव्र जंतुजन्य, दुसरा तोच जंतू पुन्हा पुन्हा सापडणारा जुना जंतुजन्य, चौथा काहीच त्रास न देता योगायोगाने तपासणीत सापडणारा. तिसरा प्रकार ओटीपोटाच्या जुन्या वेदनेचा. त्यात किमान तीन महिने दुखते आणि जंतू सापडत नाहीत. प्रोस्टेटदाह म्हणून येणाऱ्या दहा रुग्णांतले नऊ याच तिसऱ्या प्रकारातले असतात. नावात दाह असला तरी यातल्या पुष्कळांच्या ग्रंथीत दाह नसतोच, आणि हेच नाव वाचून डॉक्टर पुन्हा अँटिबायोटिक लिहितो. आमचे रुग्ण बहुधा पहिल्या प्रकारातून सुरू होऊन तिसऱ्यात गेले. तापाच्या दिवसांत दुखणाऱ्या जागेभोवती स्नायू आवळले गेले, जंतू गेल्यावरही ते सैल झाले नाहीत, आणि भीतीने, लाजेने, रात्रभराच्या बैठकीने ते आणखी आवळत राहिले. मज्जातंतूंनाही अशा वेळी वेदनेची सवय लागते आणि साध्या दाबालाही ते दुखणे म्हणून कळवू लागतात. माझा पहिला उपचार पुरेसा असता तर पुढचे सगळे टळले असते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कल्चर हातात असते तर पुढच्या चार कोर्सची वेळ मात्र आली नसती.

कामाचा दिनक्रम विचारला, तेव्हा कणकुंबीनंतर साखळीपर्यंत ते कुठेही थांबत नाहीत हे कळले. रात्रीचा घाट, अंधार, धुके आणि मागून येणाऱ्या गाड्या. लघवी लागली तरी दाबून धरायची, आणि ती लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडायचे. त्यामुळे बद्धकोष्ठ, त्यामुळे शौचाला जोर, आणि त्या जोराने पुन्हा तोच स्नायू. पाणी प्यायला सांगून मी मोकळा झालो होतो. ते पाणी पिऊन हा माणूस रात्री तीन वाजता जाणार कुठे, हे मी विचारलेच नव्हते.

पहिला निर्णय अँटिबायोटिक पूर्ण बंद करण्याचा. हे पटवायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण गोळी बंद म्हणजे डॉक्टरने हात टेकले असे त्यांना वाटले. दुसरा, लघवीची धार मोकळी व्हावी आणि मूत्राशयाच्या तोंडाचा ताण कमी व्हावा म्हणून टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, बारा आठवडे. हे औषध सगळ्यांना लागू पडतेच असे नाही. त्याने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून पहिल्या तीन गोळ्या सुट्टीच्या दिवसांत घ्यायला लावल्या आणि चक्कर येत नाही अशी खात्री झाल्यावरच घाटात जायला परवानगी दिली. वीर्य कमी पडते किंवा पडत नाही, ते औषध थांबल्यावर पूर्ववत होते, हेही आधीच सांगितले. न सांगता दिले असते तर ती तिसरी भीती झाली असती. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी रात्री अल्प प्रमाणात अॅमिट्रिप्टिलिन देण्याचा विचार केला होता, पण रात्री दोन वाजता स्टिअरिंग धरणाऱ्या माणसाला गुंगी आणणारे औषध देणे मला मान्य होईना. वेदनाशामक गोळ्या फक्त पहिले दहा दिवस आणि जेवणानंतर. टाचेला विश्रांती दिली आणि क्विनोलोन जातीचे औषध पुन्हा घेऊ नये असे त्यांच्या फाइलवर लाल अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत, लिहिले.

उपचाराचा मुख्य भार फिजिओथेरपीवर होता. इथे एक सावधगिरी मुद्दाम सांगतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचे व्यायाम फोनवर भरपूर सापडतात आणि आमच्या रुग्णानेही ते दोन महिने इमाने केले होते. लघवी गळणाऱ्या माणसाला ते उपयोगी आहेत. ज्याचा स्नायू आधीच दोरीसारखा ताणलेला आहे त्याचे दुखणे त्यांनी वाढते. याला आवळायला नव्हे, सोडायला शिकावे लागते. शहरातल्या एका अनुभवी पुरुष फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा असे दहा आठवडे त्यांना पाठवले. पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा आणि श्वास सोडताना खालचा भाग ढिला पडू द्यायचा, हे पहिले. दुसरे, उकिडवे बसणे. शेतावर भांगलताना, चुलीपुढे, परसाकडे, आपल्याकडची माणसे आयुष्यभर उकिडवी बसत आली. ड्रायव्हरच्या सीटवर बारा वर्षे काढलेल्या या माणसाला भिंतीला टेकूनही तीस सेकंद बसता येईना. आठव्या आठवड्यात ते दोन मिनिटे बसले. रोज रात्री निघण्यापूर्वी मोठ्या टबात सोसवेल इतक्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे बसायचे, हे त्यांना सर्वांत आधी आवडले आणि सर्वांत आधी उपयोगी पडले.

सीटचा उपाय त्यांनी स्वतः शोधला. मध्ये जागा मोकळी राहील अशी उशी वापरा, एवढेच मी म्हटले होते. त्यांनी हातगाडीच्या चाकाची जुनी ट्यूब अर्धवट फुगवून, गोणपाटात शिवून सीटवर टाकली. जांबोटीला आणि कणकुंबीला थांबायचे, वस्तीच्या उजेडात लघवी करून, चार पावले चालून पुढे जायचे असे ठरले. वीस मिनिटे आधी निघाले की हे जमते. तिखटाबद्दल त्यांनी विचारले. संकेश्वरी मिरचीच्या भागात सरसकट तिखट बंद करा म्हणणे म्हणजे न पाळला जाणारा सल्ला देणे आहे. दोन आठवडे तिखट, चहा आणि तंबाखू एकेक करून सोडून पाहा, ज्याने फरक पडेल तेच कमी करा, असे सांगितले. त्यांना चहाने फरक पडला, मिरचीने नाही. तंबाखू मात्र मी दुसऱ्या कारणांसाठी सोडायला लावली आणि ती अजून पूर्ण सुटलेली नाही.

तिसऱ्या भेटीला पत्नीला बरोबर आणा, असे मी सांगितले होते. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. हा संबंधातून लागणारा आजार नाही, तपासण्या निरंक आहेत, कॅन्सर नाही, आणि जवळ आल्याने तुम्हाला काही होणार नाही, हे मी दोघांसमोर एकेक करून सांगितले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यांनी कायच सांगितलं नाही ओ. मला वाटलं माझंच काय चुकलं." रुग्ण जमिनीकडे पाहत होते. त्या दिवशी नवीन औषध काहीच लिहिले नाही, पण पुढच्या भेटीत गुण सर्वांत जास्त उतरले होते.

सहाव्या आठवड्यात एकूण गुण २४ झाले, बाराव्यात १६. या पद्धतीत सहा गुणांची घट रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतकी मानली जाते. बाराव्या आठवड्यानंतर टॅमसुलोसिन थांबवले, त्रास वाढला नाही. टाच साडेचार महिन्यांनी ठीक झाली.

सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत गोव्याची मागणी वाढली. तीन आठवडे दिवसाआड दुहेरी फेऱ्या झाल्या, फिजिओथेरपीचे व्यायाम राहिले आणि दुखणे परतले. विसर्जनानंतर ते माझ्याकडे आले, पण औषध मागायला नाही. टबाचे पाणी आणि उकिडवे बसणे त्यांनी चार दिवसांपूर्वीच पुन्हा सुरू केले होते आणि काटा बोथट झाला होता. बसायला येते का, असे मी विचारले, तेव्हा ते खुर्चीत दोन्ही मांड्यांवर सरळ बसले. त्या दिवशीचे गुण ११ होते. येत्या पावसाळ्यात ताप आला किंवा लघवी तुंबली, तर कुठलीही गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्यायचा, हे सांगून मी त्यांना निर्जंतुक डबी दिली, आणि ती टेम्पोच्या कप्प्यात, कागदपत्रांबरोबर ठेवायला सांगितली.